वकिलाची टामी

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा आग्रहही नाही, पण त्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एकाहत्तर वर्षांचा एक धडधाकट माणूस, ज्याने सत्तावीस वर्षं मालट्रक चालवले आणि ज्याने म्हणे एकदा ब्रेक निकामी झालेली गाडी नुसत्या शिव्या घालून उतारावर थांबवली होती, तो चौथ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत कॉटखाली पालथा पडला होता. तिथे तो कसा पोचला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. खिडकीशी उभा राहून तो चहा पीत होता, एवढं नक्की. खाली दुधाचा टेम्पो थांबला. टेम्पोवाला रोजचा नव्हता, कुणी नवीनच होता, आणि नवीन माणूस आपलं काम जरा जास्तच मन लावून करतो, तसं त्याने उतरून लोखंडी सळईने मागच्या टायरांवर तीनदा ठोकलं. टण्ण. टण्ण. टण्ण. हवा ठीक आहे, एवढंच त्या आवाजाचं म्हणणं. त्यानंतर चौथा आवाज काही आला नाही, पण तो येतोय की नाही हे बघायला म्हातारा थांबलाच नव्हता. या वयात एवढी चपळाई म्हणजे खरं तर कौतुकाची गोष्ट. कॉटखाली धूळ होती, केसांची एक पिन होती, ती चार वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोची असणार, आणि गालाखाली गार फरशी होती. कप अजून हातात होता आणि त्यातला एक थेंबही सांडला नव्हता. या शेवटच्या गोष्टीवर कितपत विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. फरशी नंतर मुलीने पुसली.

"काय शोधताय, बाबा?" मुलीचे पाय दाराशी येऊन थांबले होते.

"चप्पल."

"चपला पायात आहेत तुमच्या."

"दुसरी जोडी."

"दुसरी जोडी कधी होती तुमच्याकडे?" ती म्हणाली, आणि खाली वाकून तिने हात पुढे केला. त्या हाताला धरून बाहेर येताना त्याला जाणवलं की तिची पकड आपल्यापेक्षा घट्ट आहे. औषधांची खोकी उचलून उचलून झालेली पकड. एका इस्पितळाच्या औषधभांडारात ती दहा वर्षं काम करत होती, बत्तीस वर्षांची होती, आणि त्या संध्याकाळी सहाच्या बसने निघणार होती. बस तिला गोदामापर्यंत नेणार, आणि गोदामातून उद्या अकरा ट्रक निघणार, पीठ, तेलाचे डबे, घोंगड्या आणि औषधं घेऊन, लढाईच्या मुलखात अडकलेल्या गावांकडे. औषधं तिसऱ्या गाडीत होती आणि त्या गाडीच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी, ती बसणार होती. बावीस वर्षांपूर्वी म्हातारा ज्या रस्त्याने जायचा तोच हा रस्ता. मधली काही वर्षं बंदुका थंडावल्या होत्या, लोकांनी घरांना पुन्हा रंगबिंग दिला होता, आणि मग कुणाला तरी आठवण झाल्यासारखं सगळं परत सुरू झालं. बातमी ऐकली तेव्हा म्हाताऱ्याला ना राग आला ना दुःख झालं; चार जिने चढून आल्यावर किल्ली खालीच राहिली हे कळावं तसं फक्त अंगातलं बळ गेलं.

तिची बॅग कॉटवर उघडी पडली होती. तिच्यात दोन सदरे, एक टॉर्च, मोज्यांचे गोळे आणि पाठीवर मोठाली अक्षरं छापलेलं निळं जाकीट. ती अक्षरं लांबून वाचता यावीत म्हणून मोठी असतात. म्हाताऱ्याच्या वेळी ती ट्रकच्या टपावरही रंगवलेली असत, वरून बघणाऱ्यांसाठी. वाचता येणं आणि वाचावंसं वाटणं यात बरंच अंतर असतं हे मात्र कुठेच रंगवलेलं नसे. तो जाकिटाची घडी नीट करू लागला, जी मुळात नीटच होती.

"परवा आमचा सराव झाला," मुलगी फरशी पुसता पुसता म्हणाली. "मैदानात खोटा नाका उभा केला होता. आडवा बांबू, वाळूची पोती, दोन पोरं लाकडी बंदुका घेऊन. नियम सांगितले. इंजिन बंद, काचा खाली, हात दिसतील असे, आणि काय वाट्टेल ते झालं तरी कुणी गाडीतून उतरायचं नाही."

"बरोबर सांगितलं."

"मी उतरले."

घडी करणारे हात थांबले. "का?"

"का म्हणजे? अर्धा तास झाला, ती पोरं उगाच ताणून धरत होती. मी म्हटलं, आपल्या घराण्याची रीत दाखवावी. उतरले आणि चमच्याने टायरवर ताल धरला, वकीलकाकांसारखा. असे हसले सगळे. बंदूकवाला पण हसला. फक्त शिकवणारा नाही हसला. त्याने कपाळाला हात लावला आणि कागदावर काहीतरी लिहिलं."

"उतरायचं नाही," म्हातारा म्हणाला.

"वा. वकीलकाका उतरले, मागोमाग तुम्ही उतरलात, अख्खा नाका नाचला, आणि मीच काय घोडं मारलंय?"

ते घोडं त्यानेच जन्माला घातलं होतं, दाणापाणी घालून बावीस वर्षं पोसलं होतं. नाक्याची गोष्ट ही या घरातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लाडकी गोष्ट. ती अशी, की गाड्यांचा तांडा नाक्यावर अडकतो, सहा तास उलटतात, ऊन असं की टपावर भाकरी भाजावी, नाक्यावरचा अधिकारी शिष्ट, कागद उलटा धरून वाचणारा. तेव्हा वकील नावाचा ड्रायव्हर, जो तोंड उघडलं की मिटायचं विसरतो, जो कुणाशीही कशावरही वाद घालतो म्हणून त्याचं नाव वकील, तो टामी घेऊन खाली उतरतो. टामी म्हणजे टायर खोलायची लोखंडी सळई. हवा बघायची तर तिनेच ठोकून बघतात. वकील एकेका टायरवर टामी मारत जातो, प्रत्येक टायरचा सूर वेगळा, आणि बघता बघता त्याचं गाणं होतं. एक शिपाई तेलाच्या डब्यावर ताल धरतो. दुसरा शिट्टी वाजवतो. शिष्ट अधिकारी बेसूर गातो आणि गाता गाता स्वतःच्या हाताने आडवा दांडा वर करतो, वर आपल्या जीपचे टायर तपासून घेतो, आणि वकील त्याला ऐकवतो की साहेब, तुमची जीप सुरात आहे, तुम्हीच नाही. गाड्या सुरुवातीला नऊ होत्या. नंतर बारा झाल्या. मुलीच्या बारावीच्या वर्षी त्या एकोणीस झाल्या आणि तिथे स्थिरावल्या. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "आज मीठ जरा जास्त पडलंय हो," आणि मुलगी म्हणायची, "असू दे, आई." बायको एवढंच बोलायची. तिला सगळं माहीत होतं. त्या दिवशीचा शर्ट तिनेच धुतला होता, म्हणजे धुवायचा प्रयत्न केला होता, आणि मग चुलीत घातला होता.

साडेआठला मुलगी आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज सुरू झाला आणि म्हातारा बॅगेशेजारी कॉटवर बसला. आज सांगायचं, त्याने ठरवलं. ती बाहेर आली की सांगायचं. चार वाक्यं तर आहेत. त्याने ती मनात लावून बघितली. गाड्या सात होत्या. वकील बोलायचा नाही. दिवसाकाठी तीन शब्द, तेही विचार करून, म्हणून तर चेष्टेने त्याला वकील म्हणायचे. कुणी गायलं नाही. आणि चौथं वाक्य. चौथ्या वाक्यापाशी आला की त्याचं मन जुन्या इंजिनासारखं दोन आचके देऊन बंद पडायचं. त्याला सगळं दिसायचं, फक्त शब्द लागायचे नाहीत. दिसायचा तो काचेवरचा मेलेला किडा, जो सहा तास नजरेसमोर होता. पिठाचा वास, तापलेल्या पोत्यांतून केबिनमध्ये झिरपणारा, घशात बसणारा, की थुंकी गिळली तरी कणीक गिळल्यासारखं वाटावं. स्टिअरिंगवर ठेवलेले स्वतःचेच हात, दहा वाजून दहा मिनिटं झालेल्या घड्याळासारखे, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. समोर दांडा, पोती, पोत्यांमागे तीन टोप्या. तो पहिल्या गाडीत होता. वकील त्याच्या मागच्या गाडीत. सगळ्यात शेवटी तांड्याची प्रमुख, एक काटकुळी बाई, जिला सगळे नुसतं बाई म्हणत आणि जी वायरलेसवर दर पंधरा मिनिटांनी सांगायची, "कुणी उतरू नका रे. मी बोलतेय त्यांच्याशी." आणि गाडी डावीकडे किंचित झुकलेली. फार नाही, कप ठेवला तर चहा एका बाजूला जाईल इतकीच. ड्रायव्हर माणसाला ती झुकण्याची जाणीव डोळ्यांनी होत नाही, बुडाने होते. सहा तास तो त्या झुकण्यावर बसला होता.

बाथरूमचं दार वाजलं. मुलगी केस पुसत आली आणि म्हणाली, "बाबा, तुमची ती गंजलेली सळई दाराआडून काढून टाका बाई एकदा, मघाशी अंगठा ठेचला माझा."

"वाऱ्याने दार आपटतं," तो म्हणाला. "असू दे."

"घरात दगड नाही का एखादा?"

"असू दे म्हटलं ना."

बापाचा आवाज चढला म्हणून तिने चमकून पाहिलं, आणि त्याने लगेच एक विनोद केला, काय केला ते त्याला नंतर आठवलं नाही. चार वाक्यं तशीच राहिली. जेवण झालं. जेवताना तिने औषधांबद्दल सांगितलं, थंड ठेवायची किती, गोळ्या मोडल्या तर कुठल्या चालतात, आणि तो हं हं म्हणत राहिला. तिचं बोलणं ऐकताना त्याला वाटलं, ही आपल्यापेक्षा फार चांगलं माणूस आहे. हिला कामाची ओढ आहे, आपल्याला नुसती सवय होती. पण ओढ आली कुठून? एका गाणाऱ्या नाक्यातून आली. जगात असा एक नाका आहे जिथे बंदूकवाले ताल धरतात, असं वाटून जी मुलगी मोठी झाली, तिला तिकडे जायची भीती वाटायची कशी? आणि ती हुशार होती, नियम पाठ होते, नव्याण्णव नाक्यांवर ती गप्प बसून राहील. शंभराव्या नाक्यावर, पाचव्या तासाला, गाडीतली थंड ठेवायची औषधं तापायला लागली की तिच्या पायांना ते गाणं आठवेल. नियम डोक्यात राहतात. गोष्टी पायांत उतरतात. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

तिला आठवतात का अजून ती पत्रं, त्याने ताट धुता धुता विचार केला. ती दहा वर्षांची असताना म्हणाली होती, वकीलकाकांना घरी बोलवा. तर तो म्हणाला, वकील आता लांब डोंगरात राहतो, गाडी सोडली त्याने, मधमाश्या पाळतो. का मधमाश्या, देव जाणे. तोंडाला आलं ते बोलला. तिने पत्र लिहिलं. पत्राला उत्तर यायला हवं. म्हणून म्हाताऱ्याने, तेव्हा तो म्हातारा नव्हता, डाव्या हाताने उत्तर लिहिलं, अक्षर असं की कोंबडीने पाय पुसले असावेत. "माझ्या माश्यांमध्ये एक माशी भारी बडबडी आहे, तिचं नाव मी तुझ्यावरून ठेवलंय." शेजारी पोस्टमास्तर राहायचे, त्यांना विश्वासात घेऊन तिकिटावर ठसा मारून घ्यायचा. पोरीचं मन राखायला चाललंय म्हणून पोस्टमास्तर आनंदाने मारायचे. अशी अकरा पत्रं झाली. आणि त्यात एक चमत्कार होता, तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. डावा हात कागदावर टेकला की वकील बोलायला लागायचा. शेजारच्या गाडीत बसून चार वर्षांत जो माणूस शंभरएक वाक्यं बोलला असेल, तो पानंच्या पानं बोलायचा, खोड्या काढायचा, हवापाण्यावर मतं द्यायचा. म्हातारा लिहिता लिहिता हसायचा. कधी कधी त्याला खरंच बरं वाटायचं, की आहे तिकडे डोंगरात, सुखात आहे. मग मुलगी मोठी झाली आणि तिने लिहिणं सोडलं, आणि ज्या दिवशी हे त्याच्या लक्षात आलं त्या दिवशी वकील दुसऱ्यांदा गेला. या खेपेला आवाज न होता.

ताट धुऊन झालं तरी तो नळ सोडून उभाच होता. बसलेल्या टायरची एक गंमत आहे, म्हणजे गंमत नव्हे. मागे जोडीने टायर असतात, एक बाहेर, एक आत. बाहेरचा बसला तर आंधळ्यालाही कळतं. आतला बसला तर डोळ्यांनी कळत नाही, कारण बाहेरचा त्याचाही भार उचलून धरतो. आतला बघायचा तर जवळ जायला लागतं आणि ठोकायला लागतं. भरलेला टण्ण म्हणतो, बसलेला भद्द. हे कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक असतं, झोपेत ठाऊक असतं. तेव्हा सहा तासांनंतर, कंटाळून, घाबरून नव्हे, नुसतं कंटाळून, त्याने वायरलेस तोंडाशी धरून म्हटलं होतं, "वकील, माझा डावा आतला बसलाय वाटतं. बघ की जरा." उतर असं तो म्हणाला नाही. बघ म्हणाला. वर्षानुवर्षं त्याने या दोन शब्दांच्या मधल्या फटीत अंग चोरून दिवस काढले होते, पण ती फट एका माणसाला पुरेल एवढी नव्हती. आतला बघ म्हणजे उतर. बाईची सूचना त्यालाही होती, वकिलालाही होती. पण पुढचा गाडीवाला टायर बघ म्हणतो तेव्हा मागचा गाडीवाला उतरतो. यात नियम, नाका, बंदूक काही येत नाही, जांभईला जांभई येते तसं आहे ते. वकिलाने वायरलेसवर एकच शब्द टाकला. "बघतो." मग दार उघडल्याचा आवाज. आरशात तो दिसला, ठेंगणा, डोक्याला फडकं, हातात टामी. बाहेरचे दोन ठोकले. टण्ण, टण्ण. मग वाकून, हात लांबवून, आतला. टण्ण. भरलेला होता. टिच्चून भरलेला. गाडी झुकली होती ती रस्त्याच्या उताराने. पोत्यांमागच्या तीन टोप्यांमधल्या एकीला लांबून एवढंच दिसलं की दोन गाड्यांच्या मधे एक माणूस लोखंडाचं काहीतरी घेऊन वाकलाय.

पुढचं सगळं फार सावकाश झालं. चाळीस मिनिटं कुणाला उतरू दिलं नाही. मग दोघांना परवानगी मिळाली, बाईला आणि त्याला. बाईने पाय धरले, त्याने खांदे. टामी रस्त्यावर पडली होती, ऊन खात. ती त्याने उचलली आणि हाताला असलेल्या सवयीने आपल्या सीटखाली ठेवली आणि मग वर चढला, कारण ड्रायव्हर तसंच करतो, टामी आधी आत, मग माणूस वर. मुलीला केबिनमध्ये खेळवताना त्याने हाच पहिला धडा दिला होता. एक गाडी वकिलाला घेऊन मागे फिरली. उरलेल्या पाच गाड्यांना नाका उघडला. वकिलाची गाडी तिथेच राहिली, पिठासकट. पलीकडच्या गावात शाळेच्या आवारात रांग लागलेली होती. लोक काही हार घेऊन उभे नव्हते. दमलेले होते, चिडलेले होते, आणि ते बरोबरच होतं. त्याच हातांनी त्याने पोती उतरवली. रांगेतली एक बाई पोतं डोक्यावर घेता घेता म्हणाली, "किती उशीर. सकाळपासून उभे आहोत." आणि तो म्हणाला, "हो, मावशी. टायर बसला होता."

तीच पहिली थाप. पुढच्या सगळ्या तिच्या पोटच्या. टायर बसला होता म्हटलं की टायर बघणारा आला, बघणारा आला की त्याला परत गाडीत चढवणं आलं, आणि जो चढला त्याला कुठेतरी राहायला जागा द्यायला लागते, खायला मध द्यायला लागतो.

चार वाजता पोस्टमास्तर आले. रोज येत, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी, पायांत लोकरीचे मोजे, कानांना जरा कमी ऐकू येतं पण ते कबूल करत नसत. "काय, निघाली का स्वारी?" म्हणत ते खुर्चीत बसले. "मग निघायच्या आधी नाक्याची गोष्ट झाली पाहिजे. शकुन असतो तो. आज किती गाड्या?"

"सात," म्हातारा म्हणाला.

पोस्टमास्तरांनी मान पुढे काढली. "मागच्या वेळी एकोणीस होत्या."

"सातच होत्या."

"बारा गाड्या कुणी चोरल्या हो मधल्या मधे?"

बॅगेची चेन लावता लावता मुलगी हसली, पण हसू पूर्ण होण्याआधीच तिने बापाकडे पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. उजेड पांढराफटक होता, खाली कुणीतरी गाडी लावत होतं, मागेपुढे, मागेपुढे. म्हाताऱ्याला वाटलं, आता आपोआप होईल. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की काही करायला लागत नाही. तो बोलू लागला. सहा तास झाले होते म्हणाला. अधिकारी शिष्ट होता असं म्हणाला नाही, कारण तसा कुणी अधिकारीच नव्हता, नुसत्या तीन टोप्या होत्या, तेच तो म्हणाला. काचेवर एक किडा होता म्हणाला.

"किडा नव्हता कधी," पोस्टमास्तर म्हणाले.

"होता. वकील माझ्या मागच्या गाडीत होता. बोलायचा कमी."

"वकील? कमी?"

"काका, ऐकू या ना," मुलगी हळूच म्हणाली. ती बॅगेवरून उठून भिंतीला टेकून उभी राहिली होती.

"मग तो उतरला," म्हातारा म्हणाला. त्याच्या तोंडात पिठाची चव आली होती. "डोक्याला फडकं होतं. हातात टामी. उन्हात लोखंड तापतं, हात भाजतो, म्हणून त्याने टामीला लाल ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. एका टोकाला. तारेने बांधलेली. मग त्याने ठोकलं. टण्ण. टण्ण." इथे तो थांबला. "टण्ण," तो म्हणाला.

खालची गाडी अजून मागेपुढे होत होती. एवढा वेळ गेला की पोस्टमास्तरांना राहवेना. विसरला बिचारा, वय झालं, असं त्यांना वाटलं असणार, आणि मित्राला हात द्यावा म्हणून ते म्हणाले, "मग तो डब्यावर ताल धरणारा शिपाई. आणि शिट्टीवाला."

कुणी दोरी टाकली की बुडणारा माणूस ती दोरी कुठे बांधलीय हे बघत नाही. "हो," म्हातारा म्हणाला. "मग डब्यावर ताल धरला एकाने." आवाजात जुनी लय आली, आणि ती येताना त्याला कळली, आणि आवरता आली नाही. "दुसऱ्याने शिट्टी घातली. एकच गलका. तो साहेब गायला लागला, बेसूर. दांडा वर केला आपल्या हाताने. आणि वकील कसला ऐकतोय, जाता जाता टोमणा मारून, टामी खांद्यावर टाकून, ऐटीत चढला आपल्या गाडीत. आणि निघालो आम्ही. सातच्या सात."

"असं," पोस्टमास्तर समाधानाने म्हणाले. "आता झाली."

मुलगी भिंतीपासून निघाली ती दाराकडे गेली. म्हाताऱ्याला वाटलं, पाणी आणायला चालली. तिने दार थोडं ओढलं आणि दाराआडची सळई उचलली. बावीस वर्षं दार धरून ठेवणारी, सकाळी तिचा अंगठा ठेचणारी. तिने ती उजेडाकडे धरली, अंगठ्याने एका टोकावरची धूळ पुसली. धुळीखाली रबर होतं, वाळून तडकलेलं, तारेने बांधलेलं. थोडं आणखी पुसल्यावर लाल दिसलं.

"बाबा, तुमची टामी माळ्यावर पेटीत आहे," ती म्हणाली. "तिच्यावर तुमचं अक्षर कोरलंय. मी लहानपणी गिरवायचे."

पोस्टमास्तर वर्तमानपत्राची घडी उलगडू लागले आणि मधेच थांबले.

"टामी आधी आत, मग माणूस वर. तुम्हीच शिकवलंत." तिने ती जड सळई दोन्ही हातांत धरली होती, अंगापासून जरा लांब, आणि तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "ही त्यांची, आणि आली तुमच्या गाडीतून. म्हणजे खोटं आहे, बाबा. वकीलकाका गाडीत चढलेच नाहीत."